वाचले, समजले, सही केली

माझ्या हातून आजवर तीन कागदांवर न वाचता सही झाली आहे. पहिला विम्याचा, दुसरा एका मित्राला जामीन राहिलो तो आणि तिसरा पुतणीच्या कॉलेजचा. पहिल्या दोन्हींत नुसते पैसे गेले. तिसऱ्यानं मात्र मला या वयात प्रयोगशाळेत नेऊन उभं केलं.

पुतणी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, कामधंद्यासाठी सुरतेला. तेव्हा पिंप्राळ्यात तिचा पालक मी. ‘आविष्कार’ नावाची महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची विद्यार्थी-संशोधनाची स्पर्धा असते. तीत उतरायचं तिनं ठरवलं आणि विषय घेतला केळीच्या खांबाचा धागा. आमच्या जिल्ह्यात या विषयाला माल कमी पडत नाही. घड उतरवला की तो खांब शेतकऱ्याला नकोसा होतो. रावेर-यावलकडे जा, बांधावर ढीग दिसतील. तो सोलायचा, रेषा काढायच्या आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायच्या. मला यात काही भय दिसेना. केळीत धोका असतो तो सालीचा, एवढंच मला माहीत.

“काका, इथं सही करा.”

“कशाची?”

“सुरक्षिततेची.”

सुरक्षिततेला नाही कोण म्हणणार? चार पानांच्या शेवटी ‘वाचले व समजले’ असं छापलेलं होतं. वाचलं नव्हतं, पण छापील मजकुराला खोटं पाडणं माझ्या जिवावर येतं. मी सही ठोकली.

आमच्या विद्यार्थिदशेत असले कागद नव्हते. सुरक्षिततेचं आमचं सारं शिक्षण एका वाक्यात उरकलं होतं : “काही फुटलं तर भरून द्यावं लागेल.” वर्षाच्या सुरुवातीलाच त्यासाठी अनामत घेत. त्यामुळे ब्यूरेट फुटली की दंड आणि बोट कापलं तर फुकट, असा हिशोब होता. आम्ही काच जिवापाड जपली. पिपेट तोंडानं ओढायची पद्धत होती. द्रावण खुणेच्या वर गेलं की गुण कमी. त्याहून वर गेलं की ते तोंडात. माझ्या तोंडात एकदा विरल आम्ल आलं. मी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, “किती मिलिलिटर? रीडिंगमधून वजा कर.”

तर अशा परंपरेतला मी, पुतणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाला ‘पालकांनीही उपस्थित राहावे’ म्हणून गेलो. पाहुणे बाहेरून आले होते. त्यांनी पडद्यावर इंग्रजीतून चित्रं दाखवली. कवटी म्हणजे विष, ज्वाला म्हणजे पेट घेणारं, हाताला भोक पाडणारा थेंब म्हणजे कातडी खाणारं. चित्रं इतकी स्पष्ट होती की इंग्रजीची गरज पडली नाही. मधे चहा झाला. हजेरीचा कागद तीनदा फिरला. शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा झाली आणि साऱ्या वर्गाला दहापैकी दहा मिळाले, कारण साऱ्या वर्गानं एकच उत्तरपत्रिका लिहिली होती. आग विझवायचं लाल नळकांडंही भिंतीवर होतं. त्याच्यापुढे कपाट होतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र त्या पाहुण्यांनी अशी सांगितली की चहा पिऊन पेंगुळलेली पोरं ताठ बसली. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तेवीस वर्षांची एक संशोधन-सहायक मुलगी काम करत होती. हवा लागताच पेटणारं रसायन सिरिंजमधून सांडलं. अंगात एप्रन नव्हता, होता तो कृत्रिम धाग्याचा स्वेटर. तो पेटला. जानेवारीत ती गेली. मग ते म्हणाले, “एप्रन सुती घ्या.” मी आजूबाजूला पाहिलं. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात चाळीसपैकी निम्मे एप्रन टेरिकॉटचे होते. चुरगळत नाहीत म्हणून घेतलेले. पुतणीचाही. तो मीच आणला होता, घासाघीस करून.

दुसरी गोष्ट दिल्लीची. विद्यापीठात कित्येक वर्षं न वापरता पडून असलेलं एक यंत्र २०१० साली भंगारात विकलं गेलं. आत कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य होतं. मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडलं. कित्येक जण भाजून आजारी पडले आणि एक कामगार दगावला. त्यानं कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

प्रशिक्षण संपलं. पाहुणे गाडीत बसले. मी चपला शोधत होतो, तोच मागून आवाज आला, “आते खरं शिकाडू का?”

हे नाना. प्रयोगशाळेचे जुने परिचर, आमच्या पिंप्राळ्याचेच. आषाढी एकादशीला आमच्या गावात रथ निघतो. रथाला स्टिअरिंग नसतं, ब्रेक नसतो. ओढणारे शेकडो हात आणि चाकाजवळ वाकलेले मोजके जण. ते चाकाखाली लाकडाची मोगरी सारतात, तसा रथ वळतो आणि थांबतो. ओढणाऱ्याला पुढचं दिसतं, बघणाऱ्याला वरची मूर्ती दिसते. चाक दिसतं ते मोगरीवाल्याला. नानांनी तरुणपणी अनेक वर्षं मोगरी लावली. पायाला कधी खरचटलं नाही. डावा डोळा गेला तो कॉस्टिकच्या एका शिंतोड्यानं, कॉलेजातली बरणी धुताना.

नाना पुतणीला म्हणाले, “बेटा, डोयामा कॉस्टिक गये असं समज. डोया झाक. आते नळकडे जाय.”

ती हसत डोळे मिटून निघाली. पहिल्या पावलाला स्टूल, दुसऱ्याला माझा पाय. हात लागला तो गॅसच्या तोटीला. तेवढ्यात नाना मोठ्यानं सेकंद मोजत होते. नळापर्यंत पोचायला तिला सत्तावीस लागले. तोवर तिचं हसू मावळलं होतं. ॲसिड बरेचदा वरवर भाजून थांबतं, कॉस्टिक आत मुरत जातं. निदान पंधरा मिनिटं डोळा वाहत्या पाण्याखाली धरावा लागतो, हे तिनं तासाभरापूर्वीच परीक्षेत बरोबर लिहिलं होतं.

तिनं नळ फिरवला. नळानं एक उसासा टाकला. बस्स.

“नळ शे,” नाना म्हणाले, “पानी नही.”

मी सही केलेला तो चार पानी कागद पुतणीनं पिशवीतून काढला. कलम सहा : ‘प्रयोगशाळेत वाहत्या पाण्याची सोय आहे याची खात्री करून घेतली आहे.’ खाली माझी सही, ठसठशीत. नाना एका डोळ्यानं ती बघत होते. जामीन राहिलेला मित्र पळाला तेव्हाही मला इतकं ओशाळल्यासारखं झालं नव्हतं.

त्यानंतर आमच्या पुतणीनं संप केला. पाणी येईपर्यंत बरणीचं झाकण उघडणार नाही! बरोबरीची मुलं म्हणाली, तारीख जवळ आली, बादली भरून ठेवू. ती म्हणाली, “डोळे मिटून बादली शोधून दाखव.” चार दिवस अर्ज गेले, पाचव्या दिवशी प्लंबर आला. गच्चीवरच्या टाकीची चावीच कुणीतरी बंद करून ठेवली होती. कधी, ते कुणालाच सांगता येईना. कपाटही हललं. लाल नळकांड्याला बऱ्याच दिवसांनी उजेड दिसला.

स्पर्धेत तिला नंबर मिळाला नाही. धागा मात्र झकास निघाला, आणि दोन्ही डोळ्यांनी बघता आला.

त्याचा त्रास आता घरात आम्हाला होतो. सिलिंडरची नळी कोणत्या साली बदलली, याची चौकशी झाली. बाथरूममधल्या ॲसिडच्या बाटलीवर चिठ्ठी लागली. परवा काकू भजी तळत होती, तर हिनं तिचा नायलॉनचा पदर मागून खोचला. काकू म्हणाली, “मी तीस वर्षं तळतेय.” ही म्हणाली, “नानाही बरीच वर्षं धूत होते.” काकू गप्प बसली. तीस वर्षांत मला ते जमलं नव्हतं.

नव्या वर्षाचा कागद आला तेव्हा मी चष्मा पुसून चारही पानं वाचली, सुती एप्रन घेऊन दिला आणि कॉलेजात जाऊन नळ स्वतः सोडून पाहिला. नाना म्हणाले, “वाचा हो भाऊ, मागचाबी वाचा.”

मागचाही वाचला. मी ‘पालक’ या रकान्यात सही केलीच नव्हती. केली होती ती ‘संशोधन मार्गदर्शक’ या रकान्यात. म्हणजे गेलं वर्षभर, कागदोपत्री, केळीच्या धाग्याचं सारं शास्त्रीय मार्गदर्शन मीच करत होतो. आणि ते तपासून खाली कॉलेजनं शिक्का मारला होता : ‘वाचले व समजले.’