रजिस्टरातला रकाना

गेल्या महिन्यात नातीच्या कॉलेज प्रवेशासाठी नगरला जाणे झाले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण माळीवाड्यात एस.टी.तून उतरताच आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले ते जून १९५६ चे नगर. नेवासे तालुक्यातील खेड्यातून, इमामपूरचा घाट ओलांडून, पत्र्याची पेटी आणि घोंगडी घेऊन आम्ही येथेच उतरलो होतो. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी याच नगरहून पुण्याला धावली, हे आम्हांला बोर्डिंगमध्ये आल्यावर कळले.

बोर्डिंगमध्ये आम्ही सगळे खेड्यापाड्यांतले. सकाळी भाकरी आणि आमटी, रात्री भाकरी आणि पिठले. एका कंदिलाभोवती सहा जण अभ्यासाला बसायचे. आठवीच्या वर्गात आमच्या शेजारी शेवगावकडचा एक सोबती होता. गणितात तो आमच्या पुढे, म्हणून कंदिलाजवळची जागा त्याची.

१४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. दिवाळीची सुटी संपवून परतलो, तेव्हा पोरांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आणि ६ डिसेंबरला ती बातमी आली. त्या रात्री चूल पेटली नाही. ज्यांच्याजवळ भाड्याचे पैसे होते ते दौंडमार्गे मुंबईला गेले. आमच्याजवळ नव्हते. सोबत्याने आपली पेटी विकली आणि तो गेला. ७ तारखेला दादरच्या स्मशानभूमीत भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारोंनी दीक्षा घेतली, त्यांत आमचा सोबतीही होता. जानेवारीत आमच्या गावानेही दीक्षा घेतली.

मग प्रश्न आला रजिस्टरातल्या जातीच्या रकान्याचा. अधीक्षकांनी समजावले, “बौद्ध लिहाल तर फी-माफी जाईल, बोर्डिंगची जागाही जाईल.” अनुसूचित जातींच्या सवलती तेव्हा धर्मांतरितांना लागू नव्हत्या. आमचे वडील मुद्दाम नगरला आले. १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना ऐकले होते. ते म्हणाले, “बाळा, शाळा सोडू नको. घरात, मनात आपण बौद्धच. कागद मागून बदलू.” आम्ही जुनाच शब्द राहू दिला.

सोबती म्हणाला, “मी दादरला हात जोडून जे बोललो, ते इथं खोटं कसं करू?” त्याने ‘बौद्ध’ लिहायला लावले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे चलनात आले. त्याच आठवड्यात त्याने आपली वळकटी उचलली. पुढे तो हरेगावच्या साखर कारखान्यावर हजेरीने लागल्याचे कानांवर आले. भेट मात्र झाली नाही.

आम्ही शिकलो, नोकरीला लागलो. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने बौद्धांना सवलती दिल्या, १९९० मध्ये केंद्राने दिल्या. अकोल्याच्या दादासाहेब रूपवते यांच्या बहुजन शिक्षण संघासारख्या संस्थांनी आमच्यामागून आलेल्या मुलांना आसरा दिला. पण आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आजही तोच जुना शब्द आहे.

वडील चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ते वर्ष गेले असते, तर आम्हीही मजुरीलाच लागलो असतो. परंतु सोबत्याला एवढी मोठी किंमत एकट्याने मोजावी लागली, हे शल्य जात नाही.

बोर्डिंगच्या जागी आता दुकाने आहेत. तेथून आम्ही कॉलेजात गेलो. नातीने अर्ज भरला. धर्माच्या रकान्याशी ती क्षणभरही थांबली नाही. ‘बौद्ध’ लिहून पुढच्या ओळीकडे वळली. तेव्हा आम्ही तिला सोबत्याची गोष्ट सांगितली.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनाही त्यांच्या बोर्डिंगच्या दिवसांविषयी विचारा. जे शिकले त्यांचे दाखले घराघरांत जपलेले आहेत. ज्यांना शिक्षण सोडावे लागले, त्यांची आठवण आपणच लिहून ठेवली पाहिजे. जयभीम!