सुगीनंतरचा वेळ : माणदेशातील प्रौढांचे छंद

छंद म्हणजे पैशाची, परीक्षेची किंवा कर्तव्याची सक्ती नसताना माणूस ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो ते काम. लहानपणी तो नकळत लागतो. तिशी-चाळिशी ओलांडल्यावर मात्र तो शोधावा लागतो, कारण त्या वयात दिवसाचा प्रत्येक तास नोकरीच्या, शेताच्या, मुलांच्या नाहीतर थकलेल्या आईवडिलांच्या नावावर लागलेला असतो. हा शोध मनाच्या स्वास्थ्यासाठी किती मोलाचा आहे, हे माणदेशात फार स्पष्ट दिसते. प्रौढांच्या विरंगुळ्याची एक भरगच्च जुनी व्यवस्था इथे होती. ती गेल्या दोन पिढ्यांत विस्कटली, तरी तिच्यातले पुष्कळ काही अजून हाताशी आहे.

माणदेश म्हणजे कुळकजाईच्या डोंगरात उगम पावणाऱ्या माणगंगेच्या काठचा आणि आसपासचा दुष्काळी मुलूख : साताऱ्यातील माण व खटाव, सांगलीतील आटपाडी व जत, सोलापुरातील सांगोला. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बेभरवशाचा. कोरडवाहू शेतीत शाळूची मळणी उरकली की चैत्र-वैशाखात काम थोडे आणि वेळ भरपूर असे. हा वेळ साऱ्या गावाला एकदमच मिळे, त्यामुळे तो घालवण्याच्या रीतीही सामायिक होत्या. हरिनाम सप्ताह, शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा, कुस्त्यांचे फड, बिरोबाच्या जत्रेतले गजीनृत्य. गजीत ढोलाच्या ठेक्यावर झगे घातलेले पुरुष रंगीत रुमाल उडवत गोल फिरतात. त्या एकाच रिंगणात पिकल्या मिशांचा आजा असतो आणि मिसरूड न फुटलेला नातूही. बायकांना पंचमीचा झिम्मा-फुगडीचा फेर होता, पहाटे जात्यावरची ओवी होती. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांनी भजन गिरणगावात नेले. सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेली आटपाडी-खानापूरकडची कुटुंबे आजही जत्रेला गावी येतात, ती ओढ याच व्यवस्थेची आहे.

यातले काहीच कोणी छंद म्हणून धरले नव्हते. निवड करावी लागत नसे; गाव जे करी त्यात माणूस सामील होई, आणि त्यातच त्याचे मन रमे. ही रीत मोडण्याची कारणे वाईट नाहीत. पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांचा त्रास वाचला, पण ओवीचे निमित्त गेले. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी काही शिवारांत पोचले, ही पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेली सुखाची गोष्ट. पण डाळिंबाला, द्राक्षाला आणि उसाला मोकळा महिना ठाऊक नसतो. नोकरदारांच्या सुट्ट्या गावाच्या सुगीशी जुळत नाहीत. उरलेल्या सांजवेळा मोबाइलने घेतल्या. पूर्वी विरंगुळा घरी चालत येई, आता तो ज्याचा त्याने ठरवून मिळवावा लागतो, आणि हे ठरवण्याची सवय इथल्या प्रौढांना कोणी लावलेलीच नाही.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव याच बदलाच्या पोटातला आहे. माण तालुक्यातील एका गावात राहून शाळेत शिकवणे, आईचे निधन, मुले शिक्षणासाठी पुण्याला जाणे, आणि त्यानंतर शांत झालेले घर : यात असामान्य असे काही नव्हते. पण संध्याकाळी जेवण उरकल्यावर हातात फोन यायचा तो मध्यरात्रीपर्यंत सुटायचा नाही. झोप तुटक झाली. वर्गात विनाकारण चिडचिड होऊ लागली. रविवार उजाडला की दिवस कसा काढायचा, ही धास्ती वाटायची. दुखणे म्हणावे असे काही नव्हते आणि बरे म्हणावे असेही नव्हते. छंद शोधण्याची निकड प्रौढांना बहुधा अशाच अवस्थेत जाणवते.

या अवस्थेत मन एका चक्रात सापडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात ते नेमके मांडले. मन उतरले की माणूस आवडीच्या गोष्टी सोडतो. त्या सोडल्याने आनंद मिळण्याच्या जागा कमी होतात. आणि जागा कमी झाल्याने मन आणखी उतरते. त्यावरचा उपाय त्यांनी उलट्या टोकाने सुचवला : उमेद येण्याची वाट न पाहता आधी थोडी कृती करावी, उमेद तिच्या मागून येते. आजही नैराश्याच्या मानसोपचारात या मार्गाचा वापर होतो. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३ साली आलेला एक मोठा अभ्यास याला पूरक आहे. १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३,२६३ माणसांच्या माहितीत, छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक आढळले. अर्थात ज्याची प्रकृती मुळात बरी, त्यालाच छंद जोपासणे सोपे जाते, हेही अशा आकड्यांत मिसळलेले असते. म्हणून छंदाला औषध समजणे बरोबर नाही.

कोणता छंद लागेल हे आधी सांगता येत नाही, दोन-चार गोष्टी करून पाहाव्याच लागतात. माण तालुक्यात पळण्याला मान आहे. मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. लेखकाने पहाटे पळून पाहिले. पळणे गुडघ्यांना मानवले नाही, पण पहाट आवडली, आणि ही माहितीही पुढे उपयोगी पडली. फोनवरचे धडे पाहून पेटी शिकण्याचा प्रयत्न झाला, तो एकट्याने बसून कंटाळवाणा वाटला. मग एका एकादशीला मारुतीच्या देवळात भजनी मंडळाच्या मागे बसणे झाले. वीणा धरलेल्या आबांनी गाणे न थांबवता टाळांची एक जोडी पुढे सरकवली. अभंग संपल्यावर ते म्हणाले, “सर, चुकलं तरी चालतंय. हात थांबवू नका.”

भजनी ठेका आठ मात्रांचा. ऐकायला सोपा, पण टाळ वाजवताना दोरी बोटांना किती आवळायची, दोन्ही काठ एकमेकांवर सपाट न आपटता किंचित तिरके कसे भिडवायचे, नाद कुठे मोकळा सोडायचा आणि कुठे दाबायचा, हे मनगटाला कळायला वेळ लागतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापून त्याचा आवाज खाली आणतात. ती कणीक थोडी कमी पडली तरी जुन्या टाळकऱ्यांचे कान टवकारतात. ठेका चढू लागला की शेजारच्याच्या हाताकडे डोळा ठेवावा लागतो, श्वास ध्रुवपदाला पुरवावा लागतो. एवढ्या गोष्टी एकदम सांभाळताना उद्याच्या कटकटींना मनात जागा राहत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९९० च्या ‘फ्लो’ या पुस्तकात अशा तल्लीनतेचे वर्णन केले आहे : काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपे असले तर कंटाळा येतो, फार अवघड असले तर धसका बसतो, आणि या दोहोंच्या मध्ये मन पुरते गुंतते. भजनी मंडळात ही सोय आपसूक असते. नवख्याला टाळ, थोडे जमले की झील धरणे, पुढे चाल सांगणे. परीक्षा कुठेच नाही, आणि तरी माणूस वाढत जातो.

झोप सुधारली ती हळूहळू. त्यात गाण्याचा वाटा किती, रात्री फोनपासून दूर राहण्याचा किती आणि माणसांत बसण्याचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. लेखकाच्या मते माणसांत बसण्याचा वाटा सर्वांत मोठा. एखादा गैरहजर राहिला की दुसऱ्या दिवशी “काल दिसला नाहीत?” अशी विचारपूस होते. एकट्या पडलेल्या प्रौढाला ती अतिशय आधार देते.

सर्वांनाच मंडळी मानवत नाहीत, आणि सर्वांनाच देऊळही नको असते. हातांना काम हवे असणाऱ्यांसाठी माणदेशात वाकळ आहे. जुनी लुगडी, धोतरे, साड्या यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेले हे पांघरूण म्हणजेच गोधडी. लेखकाच्या आईची लुगडी तिच्या मागे ट्रंकेत तशीच पडून होती. उन्हाळ्यात पत्नीने ती बाहेर काढली, धुऊन उन्हात वाळवली आणि शेजारच्या काकूंना हाक मारली. ओसरीवर लुगडी ताणून अंथरली, सुरकुत्या तळव्याने मोडल्या, चारही काठ आत दुमडले. चौघी चार बाजूंना बसल्या. शिवण काठापासून सुरू होऊन कोपऱ्याकोपऱ्यावर वळत मध्याकडे सरकते. टाका बोटाच्या अदमासाने घालायचा, आणि दोन ओळींत चोळ राहू द्यायचा नाही. “हे अंजिरी लुगडं आत्यांनी म्हसवडच्या रथाला नेसलं होतं,” काकू म्हणाल्या, आणि मग दुपारभर आईच्या गोष्टी निघाल्या. घरात जे दुःख कोणी बोलून दाखवत नव्हते, ते त्या शिवणीवर मोकळेपणाने बोलले गेले. हात गुंतलेले असले आणि नजर कामाकडे असली की अवघड बोलणे सोपे होते, हा अनुभव बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

अशा कामाला लगेच किंमत लावण्याचा मोह होतो. वाकळ चांगली झाली की “विकायला काढा की वैनी” असे दहा जण सुचवतात. गरज असेल तर विकण्यात गैर काही नाही. म्हसवड भागातल्या घोंगडी विणणाऱ्यांचे पोट त्या मागावरच चालत आले. पण मागणी, मुदत आणि दर आले की त्या कामाचा छंद उरत नाही, व्यवसाय होतो. मनाच्या विसाव्यासाठी धरलेले एक तरी काम बाजारापासून दूर ठेवणे हिताचे आहे.

बायकांची मुख्य अडचण वेळेची. पुरुष देवळात जाऊन बसला तर त्याला भक्तिमार्गाला लागला म्हणतात. बाई रिकामी बसली तर घर उघड्यावर टाकले म्हणतात. वाकळीसारखे उपयोगी काम तिला चालते, निव्वळ आनंदासाठीचे चालत नाही. ही गोष्ट बदलायला बाहेरच्या आधाराची मदत होते. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली, आणि २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे ९०.४ मेगाहर्ट्‌झवरचे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. आपल्याच भागातल्या बाईचा आवाज रेडिओवर ऐकला की गाणे हा रिकामटेकडा उद्योग राहत नाही. तरी घरातील माणसांनी आठवड्यातली एखादी संध्याकाळ तिच्या नावे सोडणे, त्या वेळी चहा-स्वयंपाकाची हाक न मारणे, याला पर्याय नाही.

एकांतप्रिय माणसांना माळ बोलावतो. माळटिटवी, चंडोल, धाविक, खाटीक, चितूर हे पक्षी उघड्या रानातच राहतात, त्यांच्यासाठी घनदाट जंगल लागत नाही. हिवाळ्यात राजेवाडी, मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर पाणपक्षी उतरतात. मायणी-येरळवाडीकडे रोहित येतात. लागते ते एक वही, जमल्यास दुर्बीण, आणि मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’. पळणे सुटल्यावर लेखकाची आवडती पहाट इथे कामी आली. नाव ओळखणे ही पहिली पायरी. त्यानंतर हाच खाटीक त्याच बाभळीवर का बसतो, टिटवी अमक्या जागी का ओरडते, असे प्रश्न पडू लागतात आणि रोजचा रस्ता नवा दिसू लागतो. या मातीतल्या व्यंकटेश माडगूळकरांचे (१९२७-२००१) उदाहरण इथे आठवणारच. पुणे आकाशवाणीत नोकरी करीत असताना त्यांनी रानातली भटकंती, पशुपक्ष्यांचे निरीक्षण आणि रेखाटने सोडली नाहीत. वानरांच्या टोळ्यांवरची त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी अशा निरीक्षणावर पोसलेली आहे. तिला १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार नसता मिळाला, तरी रानात घालवलेले ते तास त्यांचेच होते.

ज्यांना चढण आवडते त्यांना सातारा-पंढरपूर रस्त्यालगतचा महिमानगड किंवा उत्तरेकडचा वारुगड सुट्टीच्या सकाळी पुरेसा होतो.

छंदाची मर्यादाही नीट कळायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगण्याचा वीट येत असेल, तर तो आजार असू शकतो. तिथे “मन रमवा” हा सल्ला अपुरा आहे आणि रुग्णाला अपराधी वाटायला लावणारा आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र, विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. उपचार सुरू झाल्यावर छंद त्याच्या जोडीला चालतो, आणि तेव्हा तो अगदी छोटा असावा : ओसरीवर बसून चार ओळी शिवणे, किंवा अंगणातल्या साळुंख्या पाहणे.

सुरुवात ऋतू पाहून केली तर छंद टिकण्याची शक्यता वाढते. तलावांवरचे पक्षी दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळा तापेपर्यंत असतात. गड हिवाळ्यात चढावेत. वैशाखात माणदेशाचे ऊन सकाळी नवालाच चढू देत नाही. वाकळ उन्हाळ्यात घ्यावी, तेव्हा कपडा कोरडा राहतो आणि दुपारी लांब असतात. भजनाला मात्र ऋतू नाही. बहुतेक गावांत एकादशीच्या रात्री देऊळ उघडे असते आणि भिंतीशी टाळांची जादा जोडी ठेवलेली असते.