मालक: कुणीच नाही

परवा शनिवारी सकाळी सकाळी मामाचा फोन. "अरे, नवा लॅपटॉप घेतलाय आणि त्यात 'दप्तर' उघडतच नाहीये. वीस तारीख आली डोक्यावर!"

हे 'दप्तर' काय ते आधी सांगतो. मामा टॅक्स कन्सल्टंट. नारायण पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस. २०२० साली मी त्याला एका जुन्या पीसीवर उबुंटू टाकून फाइल सर्व्हर करून दिला होता. ऑफिसातले विंडोजवाले पीसी त्यावरच्या 'दप्तर' नावाच्या फोल्डरमध्ये सगळ्या क्लायंटची कागदपत्रं ठेवतात. पाच वर्षं एक तक्रार नाही. प्रत्येक लग्नामुंजीत मामा चारचौघांत सांगणार, "आमच्या भाच्याने केलंय, फुकटात!" आणि अस्मादिकांची कॉलर ताठ.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून मामाने विंडोज ११ प्रोचा लॅपटॉप घेतला, आणि घोडं अडलं.

लिनक्स आणि विंडोज मुळात एकमेकांची भाषा बोलत नाहीत. मधला दुभाषी म्हणजे सांबा. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९१ च्या अखेरीस, कॅनबेराला पीएचडी करताना त्याची सुरुवात केली. दोन मशीन नेटवर्कवर काय बोलतात ते नुसतं ऐकून त्याने प्रोटोकॉल शिकून घेतला. परक्या गावात हॉटेलात बसून शेजारच्या टेबलावरची ऑर्डर ऐकत भाषा शिकावी, तसं. नावसुद्धा शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने असलेले शब्द शोधून काढलेलं!

असो. ऑफिसात पोचलो. लॅपटॉपच्या 'नेटवर्क'मध्ये सर्व्हरचं नावच नाही. पण हे फसवं असतं. ती यादी पूर्वी ज्या जुन्या पद्धतीने बनायची, ती आता नव्या विंडोजमध्ये बंद असते. यादीत नाही म्हणजे सर्व्हर बंद, असं नाही. पिंग केलं, उत्तर आलं. ४४५ नंबरचा पोर्ट उघडा. सर्व्हरवर टेस्टपार्म चालवून सेटिंग्ज तपासली, चूक नाही. मग नावाऐवजी थेट आयपी पत्ता टाकला, आणि खरा मेसेज समोर आला. मथितार्थ असा: तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण ओळख न पटलेल्या पाहुण्यांना मनाई करतं.

मामा खांद्यावरून वाचत होता. "संस्था म्हणजे मीच ना? मी कधी केलं हे धोरण?"

धोरण मामाचं नव्हतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने याच फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलमधून जगभर धुमाकूळ घातला. तेव्हापासून ही दारं एकेक करून घट्ट होत गेली. आधी विंडोजने व्हर्जन एक डीफॉल्टने काढलं, २०१९ मध्ये ४.११ पासून सांबानेही ते बंद ठेवलं. २०२४ मध्ये आलेलं विंडोज ११ चं २४एच२ त्याच्याही पुढे गेलं. आता प्रो व्हर्जनमध्ये प्रत्येक पॅकेटवर डिजिटल सही लागते. सहीसाठीची किल्ली लॉगिनच्या पासवर्डमधून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, मग सही कसली?

आणि आमचं 'दप्तर' पहिल्या दिवसापासून पाहुण्यांच्या भरवशावर चाललं होतं. उबुंटूच्या तयार सेटिंग्जमध्ये एक ओळ असते: अनोळखी युजर आला तर त्याला 'गेस्ट' समजा. तिच्या जोडीला मी फोल्डरवर 'गेस्ट चालेल' लिहिलं होतं. तेव्हा म्हटलं, कशाला मामाला पासवर्डचा ताप?

यावर पाच मिनिटांचा उपायही आहे. विंडोजला सांगायचं, पाहुणा चालू दे, सही नको मागूस. हात कीबोर्डवर होता. सहज भिंतीकडे लक्ष गेलं. क्लायंटच्या सोयीसाठी वायफायचा पासवर्ड कागदावर छापून लावलेला. मी माझ्या फोनवर तो टाकला, फाइल मॅनेजरमध्ये सर्व्हरचा पत्ता दिला... आणि सगळं 'दप्तर' फोनवर! पॅन कार्डं, बँक स्टेटमेंट्स, माझं स्वतःचं रिटर्नसुद्धा. समोरच्या खुर्चीत दहा मिनिटं ताटकळणाऱ्या कुठल्याही माणसाला पाच वर्षं हे सगळं खुलं होतं. लॅपटॉप बिघडलेला नव्हता. या ऑफिसात "तुम्ही कोण?" असं विचारणारा तो पहिला निघाला.

मग मुकाट्याने लांबचा रस्ता धरला. तिघांसाठी तीन युजर, तीन पासवर्ड, एक ग्रुप, पाहुणा बंद, क्लायंटसाठी वेगळं वायफाय. लॅपटॉपवर 'दप्तर' उघडलं, पण सेव्ह होईना. सर्व्हरवर फाइल्सची यादी काढली. हजारो फाइल्स, आणि मालकाच्या रकान्यात एकच नाव: नोबडी. पाहुणा जे काही लिहितो ते या नावावर जमा होतं. पाच वर्षांचं काम, मालक कुणीच नाही.

मामाला ते दाखवलं. त्याने एकदम विचारलं, "मग गेल्या वर्षी ती फाइल कुणी उडवली, ते यात कळेल?"

गेल्या वर्षी एका क्लायंटची वर्षभराची एक्सेल शीट कोरी झाली होती. बोलणी खाल्ली ऑफिसातल्या ज्युनियर मुलीने, कारण ती ज्युनियर. ती शेजारच्याच टेबलावर व्हाउचर लावत होती. तिचे हात थांबले.

"नाही कळणार," मी म्हटलं. "कोण काय करतं याची नोंद राहील अशी सोयच मी ठेवली नव्हती. चूक माझी."

मामा गप्प. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "उगाच बोललो तुला तेव्हा." ती म्हणाली, "असू दे सर," आणि पुन्हा व्हाउचर लावायला लागली.

सगळ्या फाइल्सची मालकी ग्रुपला दिली. जुने पीसी 'तुम्ही आधीच वेगळ्या नावाने जोडलेले आहात' म्हणून हटून बसले, त्यांची जुनी कनेक्शन्स तोडली. शेवटी सांबाचं फुल ऑडिट मॉड्यूल लावलं. आता कुणी काय लिहिलं, कुणी काय पुसलं, याची नोंद राहते. संध्याकाळचे सात वाजले. फुकटात केलेलं काम किती महाग पडू शकतं, हे त्या दिवशी समजलं.

काल पुन्हा मामाचा फोन. रिटर्नं वेळेत गेली. "तेवढं एक विचारायचं होतं. तो पासवर्ड मॉनिटरवर चिकटवला तर चालेल ना रे?"

:)