लंगडी

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघाचौघांनी फोन करून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" माझी तब्येत उत्तम आहे. गुडघे सोडले तर. आजारी होती ती बर्फी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, बर्फी म्हणजे आमची बदकी. २०२० सालच्या दिवाळीत नात आमच्याकडे राहायला होती. तिची शाळा मोबाईलवर चालायची आणि उरलेला सगळा दिवस ती आमच्या डोक्यावर असायची. तिच्या हट्टापायी ह्यांनी बदकाची चार पिल्लं आणली. फराळाचे डबे समोर होते, त्यामुळे नावं पडली बर्फी, चकली, शंकरपाळी आणि चिवडा. चिवडा नर आहे हे पुढे कळलं. त्याच्या शेपटीवरची पिसं वर वळली आणि आवाज घोगरा झाला. बदकांमध्ये घर डोक्यावर घेते ती मादी, नराचा आवाज कायम बसलेला. "आपल्याकडेही तसंच आहे," असं हे म्हणाले होते. असो.

आमचं घर अलिबागच्या दक्षिणेला, नारळी-पोफळीच्या वाडीत. मागे विहीर, तिच्याशेजारी दगडी डोण आणि कोपऱ्यात एक लहानसं तळं. बदकं दिवसभर तळ्यात नाहीतर पाटात. त्यांना एकच वाईट खोड, माझ्या अळूच्या वाफ्यात शिरायची. म्हणून गेल्या मार्गशीर्षात मी वाफ्याभोवती कोळ्यांचं जुनं जाळं लावून घेतलं. आमच्याकडे सगळेच लावतात, फुकट मिळतं आणि टिकतं. ह्यांनी म्हटलं होतं, "खालून सैल राहिलंय, पाय अडकेल कुणाचा." मी म्हटलं, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फीच्या ओरडण्याने जाग आली. नायलॉनचा दोरा उजव्या पायाला तीन-चार वेढे बसून मांसात रुतला होता आणि सुटायच्या धडपडीत पाय पिळवटला होता. ह्यांनी तिला पंखांसकट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मी भरतकामाच्या कात्रीने एकेक दोरा कापला. माझे हात थरथरत होते. सोडल्यावर ती उभी राहायला गेली आणि कलंडली. मग डाव्या पायावर उड्या मारत कुंपणापर्यंत गेली आणि बसून राहिली.

शेजारच्या वहिनी डोकावल्या. म्हणाल्या, "हे काय आता चालायचं नाही. मार्गशीर्ष संपू दे, मग बघा काय ते." वहिनींचे गुरुवार असतात, म्हणून तेवढी मुदत मिळाली बिचारीला!

तर मंडळी, इथे मी एक मोठी चूक करता करता वाचले. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या असतात, डायक्लोफेनॅकच्या. म्हटलं, दुखणं ते दुखणं, पाव गोळी भाताच्या कोंड्यात कुस्करून देऊ. नशिबाने आधी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच. "बाई, अजिबात नको! गिधाडं कशाने गेली माहीत आहे ना?" मला अर्धवट माहीत होतं. १९९० नंतर आपल्याकडची गिधाडं झपाट्याने संपत गेली. हे औषध दिलेली गुरं मेल्यावर ती गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. लहानपणी आमच्या गावाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडं उतरलेली मी पाहिली आहेत, आणि माझ्या नातीने ती फक्त पुस्तकात पाहिली आहेत. आणि तेच औषध मी माझ्या हाताने एका पाखराला चारायला निघाले होते. शिकलेली बाई म्हणवते स्वतःला!

डॉक्टर गायी-म्हशींचे, पण माणूस चांगला. आपणहून संध्याकाळी येऊन गेले. पाय चाचपून म्हणाले, हाड मोडलेलं नाही, घोट्यासारखा तो जो वरचा सांधा असतो तो मुरगळला आहे, आणि जखम खोल आहे. मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध वजनावर थेंब मोजून दिलं, ते पाखरांना चालतं. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवायची, आयोडीनचं औषध लावायचं, बी जीवनसत्त्वाचे थेंब प्यायच्या पाण्यात घालायचे. आमच्या गुळगुळीत लादीवर ठेवायचं नाही, पाय फाकतात. खाली जाड पेंढा हवा आणि तो रोज बदलायचा. कारण दुखऱ्या पायापेक्षा धड पायाची काळजी जास्त. सगळा भार त्याच्यावर येतो आणि तळव्याला फोड होऊन तो चिघळतो. म्हणजे एकाचे दोन होतात. आणि शेवटी म्हणाले, "दहा दिवस हालचाल कमी ठेवा. चिवड्याला तर जवळ येऊच देऊ नका." कारण विचारायची गरज नव्हती. बदकांच्या संसारात नराला दयामाया नसते.

आता "हालचाल कमी ठेवा" एवढंच ते म्हणाले होते. पण मी छत्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई. सूचना मिळाली की तिचा नियम करायचा आणि नियमाची शिस्त. मी बर्फीला मागच्या खोलीत वेताच्या मोठ्या हाऱ्यात ठेवलं, वर जाळी बांधली आणि खोलीचं दार लावून घेतलं. बाहेरच्या तिघांचा आवाज आला की ती उठायची धडपड करायची, म्हणून खिडकीही लावली. पाणी बशीत, म्हणजे सांडून पेंढा ओला होणार नाही. दिवसातून दोनदा औषध, दोनदा जखम धुणं. वहीत वेळा लिहून ठेवत होते. ह्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हजेरी घेतेस की काय?"

पहिले तीन दिवस ती ओरडत होती. बाहेरून शंकरपाळी उत्तर द्यायची. चौथ्या दिवशी ओरडणं कमी झालं. मला वाटलं, चला, रुळली. पाचव्या दिवशी ती गप्पच झाली. कोंडा तसाच. सुका जवळा भिजवून पुढे ठेवला, तोही तसाच, आणि जवळ्याला ती कधी नाही म्हणत नाही. नाकपुड्या चिकट दिसत होत्या, डोळ्यांच्या कडा चिकटलेल्या. मान मागे वळवून चोच पंखात खुपसून बसली होती. जखम मात्र स्वच्छ होती आणि सूज उतरली होती. माझ्या वहीप्रमाणे ती बरी होत होती!

डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर तिचा व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"एकटीच ठेवलीत का?"

"हो, आराम मिळावा म्हणून."

"बाई, कळपातलं जनावर आहे ते. एकटेपणानेच खाणं सोडेल. एक मैत्रीण ठेवा जवळ. आणि पाणी बशीत कसलं देता? तिला अख्खं डोकं बुडवता आलं पाहिजे, नाहीतर नाक-डोळे साफ कसे करणार ती? जखम कोरडी धरली असेल तर रोज थोडा वेळ पाण्यात तरंगू द्या. पाण्यात पायावर वजन येत नाही."

जखम कोरडीच होती. ह्यांनी खोलीतल्या खोलीत पेंढा पसरून, मध्ये पाटी लावून जागा केली आणि शंकरपाळीला आणलं. मला वाटलं होतं काही तरी भेट वगैरे होईल. तसं काही नाही. शंकरपाळी थेट जवळ्यावर तुटून पडली. ते पाहून बर्फीने मान बाहेर काढली आणि तिला बाजूला ढकलून खाऊ लागली. मी दारातच पायरीवर बसले. संध्याकाळी मोठ्या घमेल्यात खोल पाणी ठेवलं. बर्फीने डोळ्यांपर्यंत डोकं बुडवलं, फुरफुर करून नाकातून पाणी उडवलं, पुन्हा बुडवलं. असं किती वेळा केलं असेल! मग शेपटीच्या मुळाशी चोच घासून तिथलं तेल अंगभर लावत बसली. बदकाला पाणी मिळालं नाही, पिसं विंचरता आली नाहीत, की ते तेल पसरत नाही आणि मग पाण्यात गेलं की बदकच भिजतं. हे मला इतकी वर्षं बदकं पाळून माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी विहिरीवरचा पंप जळला. तो दुरुस्त करायला नेहमीचाच माणूस आला. मोटार वाइंडिंगचं त्याचं दुकान आहे, आणि तो माझा विद्यार्थी. (त्याला विचारून लिहिते आहे. नाव घालू नका म्हणाला.) लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेला. काठी घेऊन चालतो, स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून घेतली आहेत, आणि सगळ्या पंचक्रोशीतले पंप त्याच्या हातून जातात.

तेव्हा बर्फी डोणीत तरंगत होती, मी कडेला हात धरून बसले होते. पाण्यात ती दोन्ही पायांनी वल्ही मारत होती. जमिनीवर जो पाय टेकवत नव्हती तोही. त्याने विचारलं, मी सगळं सांगितलं. जाळं, हारा, लावलेली खिडकी, डॉक्टरांची बोलणी.

तो हसला. म्हणाला, "म्हणजे चपला राखायला बसवलं होतंत तिला."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

१९८१ साल असेल. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. आमच्या शाळेला खेळाचे वेगळे शिक्षक नव्हते, ज्याचा वर्ग त्याने मैदानावर न्यायचा. साहित्य म्हणजे एक चेंडू, तोही वरच्या वर्गाकडे. म्हणून आमचा ठरलेला खेळ लंगडी. फक्कीने चौकोन आखायचा, लंगडी घालणाऱ्याने एक पाय वर धरून बाकीच्यांना शिवायचं, वरचा पाय टेकला की बाद. मैदानात जाताना मुलं चपला काढून कडेला ठेवायची आणि मी त्याला म्हणायचे, "तू बस, चपलांकडे लक्ष ठेव." माझ्या मनात त्याला काहीतरी काम दिल्याचं समाधान असायचं. पडला, धड पाय मोडला तर? त्याच्या वडिलांना काय सांगणार? एके दिवशी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, लंगडी तर एकाच पायावर घालतात ना? मला एक आहे की."

मी काय म्हटलं ते मला आठवत नाही. त्याला आठवत होतं. "बस खाली."

पुढे १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला, आम्हा शिक्षकांच्या बूथवर ड्यूट्या लागल्या. रविवारी सकाळी लेकरांच्या तोंडात दोन दोन थेंब पडताना पाहून मला त्याची आठवण यायची. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला तेव्हाही आली. पण आठवण यायची ती त्याच्या पायाची. चपलांची कधीच नाही.

मी त्याला म्हटलं, "चुकलंच माझं. खेळू द्यायला हवं होतं."

पंपाचे बोल्ट काढता काढता तो म्हणाला, "अहो, खेळायचो की मी. तुम्ही रजिस्टर भरायला आत जायचात ना, तेव्हा. लंगडी घालायला सगळे मलाच पुढे करायचे. दोन पायांवर पळायला नाही जमायचं, तेव्हा लगेच बाद व्हायचो. पण लंगडी घालताना एका दमात चार-चार जण मारलेत."

"आणि चपला?"

"चपला कोण चोरतंय, बाई? निम्मी पोरं अनवाणीच होती."

मी हसले, पण माझं हसू पुरेसं झालं नाही. चाळीसहून जास्त वर्षं माझ्या शिस्तीच्या त्या वर्गात जे चाललं होतं ते सगळ्या वर्गाला माहीत होतं, मला सोडून. थोड्या वेळाने विचारलं, "मला का नाही रे दाखवलंस कधी?" तो म्हणाला, "तुम्ही आलात की बसायचो मी. तुम्हाला बरं वाटायचं."

पंप दुपारी चालू झाला. पैसे त्याने पूर्ण घेतले, एक रुपया सोडला नाही.

अकराव्या दिवशी बर्फीला तळ्याकाठी सोडलं. जाळं ह्यांनी आधीच काढून टाकलं होतं, अळू आता बदकांचाच. ती काठावर जरा थांबली, मग पाण्यात शिरली आणि बाकीच्यांत अशी मिसळली की लांबून चारही सारखीच दिसत होती. पाण्याबाहेर आली की मात्र ओळखू येते. उजवा पाय अजून अर्धवटच टेकवते, आणि तो असाच राहील असं डॉक्टर म्हणतात. मी संध्याकाळी कोंड्याचं भांडं वाजवलं की तिघं पळत येतात आणि ती सगळ्यांच्या मागून. तोवर निम्मं संपलेलं असतं. मग ती मान घालून मध्ये घुसते, चकलीला चोच मारते आणि आपला वाटा घेते.

तिच्यासाठी वेगळी ताटली ठेवायची नाही असं मी ठरवलं होतं. परवा ठेवलीच. चिवड्याने खाल्ली.