रॉकेट पडू द्या की!

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला, ते बरंच झालं. रमीच्या नादात दागिने गहाण पडलेली घरं आपल्या भागात कुणाला माहीत नाहीत? पण तेव्हापासून 'गेम' हा शब्दच शिवी झालाय. पोरगं स्क्रीनसमोर दिसलं की वाया गेलं, निकाल लावून मोकळे. म्हणून आज जरा दुसऱ्या बाजूने बोलतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

माझा भाचा नववीत आहे. सुट्टीत आला की माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' खेळतो. आणि तो गेला की मी खेळतो. मी कॉमर्सवाला माणूस, फिजिक्सशी दहावीनंतर संबंध नाही. तरीही या खेळाने मला जे शिकवलं ते दहावीच्या पुस्तकातून कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

हा खेळ 2011 मध्ये मेक्सिकोतून आला. फेलिपे फालांगे नावाचा तरुण स्क्वाड नावाच्या कंपनीत कामाला होता आणि ती कंपनी मूळची मार्केटिंगची! तिथे त्याने हा खेळ बनवला. यात बंदूक नाही, पैसे लावणं नाही. टाक्या, इंजिनं, पॅराशूट यांचं एक गोदाम मिळतं. त्यातून रॉकेट जोडायचं आणि उडवायचं. चुकीचं जोडलं तर ते लाँचपॅडवरच आडवं होतं. कुणी रागवत नाही. परत जोडा.

पहिला धडा असा की रॉकेट नुसतं 'वर' पाठवून उपयोग नसतो. सरळ वर गेलेलं सरळ खाली येतं. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर आडवा वेग लागतो, इतका की खाली पडता पडता जमीनच खालून वळत जाते. खेळातला ग्रह छोटा, त्रिज्या फक्त 600 किलोमीटर, म्हणून तिथे सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. आपल्या पृथ्वीला पावणेआठ लागतो. त्या ग्रहाची हवा 70 किलोमीटरवर संपते. कक्षेचं खालचं टोक त्याच्या आत राहिलं, की हवा प्रत्येक फेरीत ब्रेक लावते आणि यान खाली येतं.

आता खरी गोष्ट सांगतो. 7 ऑगस्ट 2022 रोजी इस्रोने एसएसएलव्ही हे नवं छोटं रॉकेट पहिल्यांदा उडवलं. उपग्रह 356 किलोमीटरच्या गोल कक्षेत जायचे होते, ते गेले 356 बाय 76 च्या लांबट कक्षेत. ताशी 27 हजार किलोमीटरच्या वर वेग आणि त्यात तूट जेमतेम टक्काभर. पण 76 किलोमीटरवर हवा आहे, म्हणजे खेळ खलास. त्यात 'आझादीसॅट' होता, देशभरातल्या 75 सरकारी शाळांमधल्या 750 मुलींनी हातभार लावलेला. त्या दिवशी टीव्हीवर 'मोहीम अपयशी' एवढंच चाललं होतं. 76 आकडा ऐकून का गेलं ते ज्याला लगेच कळलं असेल, त्याने एकतर इंजिनिअरिंग केलंय किंवा हा खेळ खेळलाय.

पुढे काय झालं? सेन्सरच्या गडबडीपर्यंत कारण शोधलं, ते जाहीर केलं, आणि 10 फेब्रुवारी 2023 ला दुसरं एसएसएलव्ही व्यवस्थित गेलं. त्यात 'आझादीसॅट-2' होता. त्या मुलींना सहा महिन्यांत दुसरी संधी मिळाली. मला यातली ही दुसरी संधीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दुसरा धडा याहून उलटा. कक्षेत पुढे चाललेल्या यानाला गाठायचं असेल, तर त्याच्या दिशेने जोर लावून चालत नाही. जोर लावला की आपली कक्षा मोठी होते आणि आपण आणखी मागे पडतो. गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं, आतल्या छोट्या वाटेने पुढे जायचं, मग वर यायचं. 1965 मध्ये जेमिनी-4 मधून जेम्स मॅकडिविट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, बरंच इंधन गेलं, ते काही जमलं नाही. नासाचा कसलेला वैमानिक बरं का! ते पुढे अमेरिकेला जमलं, रशियाला, चीनला जमलं आणि 16 जानेवारी 2025 ला स्पेडेक्स मोहिमेत आपल्यालाही. दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडणारा आपला चौथा देश. व्हॉट्सअॅपवर तिरंगा सगळ्यांनी फिरवला. त्यात अवघड काय होतं हे किती जणांना कळलं?

तिसरी गोष्ट चांद्रयानाची. सप्टेंबर 2019 मध्ये विक्रम चंद्रावर आदळलं. चांद्रयान-3 बनवताना इस्रोने 'काय काय बिघडू शकतं' याचीच यादी धरून काम केलं. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, उतरायची जागा अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटर होती ती सुमारे चार बाय अडीच केली. 23 ऑगस्ट 2023 ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता आपल्याकडे या. पडलेल्या रॉकेटवर देशाला अभिमान वाटेल असं काम होतं आणि आपल्या पोरांना पडायची परवानगीच नाही. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, कारण तो हमखास उसळतो. थर्माकोलचं रॉकेट आईबाप दुकानातून आणतात, त्यावर मुलाचं नाव लागतं, बक्षीसही मिळतं. ते उडत नाही, म्हणून पडतही नाही. आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत (नाव घेत नाही) कॉम्प्युटर आले, त्यांवर कापड टाकलं आणि खोलीला कुलूप लागलं. का, तर पोरं बिघडवतील. वापरलेच नाहीत तरी ते दहा वर्षांनी भंगारातच जाणार आहेत ना?

माझं मागणं मोठं नाही. शनिवारी दोन तास ती खोली उघडा. हा खेळ विकत घ्यावा लागतो, पण 'ऑर्बिटर' नावाचं अवकाशयान चालवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, 2021 पासून त्याचा कोडही खुला आहे. रॉकेट पडलं की मार्क कापायचे नाहीत. उलट ते का पडलं हे वहीत चार ओळींत लिहायला लावायचं, तेच गुण.

शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी आहे. पुढच्या बैठकीत हा विषय मांडाल का? शनिवारचे दोन तास बसायला मी तयार आहे, फुकट. आणखी कोण येतंय ते कमेंटमध्ये लिहा.