बाभळीचा वाडगा

धुळे, वैशाख वद्य पंचमी.

गतवर्षी जळगावाकडील एका बांधावर वादळाने उन्मळून पडलेल्या, आणि एरवी बैलगाडीच्या चाकाचा तुंबा होणेच जिच्या नशिबी मुक्रर असते, त्या बाभळीच्या ओंडक्यातून ओबडधोबड कातून ठेवलेला वाडगा आज पुन्हा लेथवर चढविला. पाऱ्याला 45 अंशांपलीकडे नेणारा खानदेशचा उन्हाळा ओल्या लाकडाला क्षमा करीत नाही. कड आधी सुकून गर्भ ओला राहिला की तडा ठरलेलाच. सबब 15 सेंटीमीटर व्यासाला दीड सेंटीमीटर जाडी राखून, भुशात पुरून, त्याला वर्षाची मुदत दिली होती. तेवढ्यात तो किंचित लंबगोल झाला होता. बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून तळाकडे गोल पटाशी चालविली, म्हणजे तंतू उखडत नाहीत; सालपटे लांब, सलग सुटतात. काचकागदानंतर जवसाचे तेल चोळताच तांबूस वर्ण उजळला, आणि चाकात आयुष्य झिजविणाऱ्या या काष्ठाच्या अंतरीचे सौंदर्य प्रकट होण्यास केवळ धीराचीच अपेक्षा होती, या जाणिवेने मन भरून आले. महिन्याभराने, तेल मुरल्यावर, कळण्याच्या भाकरीशेजारी यातच ठेचा वाढीन.