इतिहास नसलेले शहर

इतिहासाच्या प्राध्यापकाला एक खोड असते. नव्या गावी पाऊल ठेवताच तो तेथील माणसांची चौकशी करण्यापूर्वी तेथील जुन्या दगडांची चौकशी करतो. गेली तीस वर्षे ही खोड मी मोठ्या अभिमानाने जोपासली आहे. त्यामुळे पत्नीच्या उपचारांसाठी गेल्या हिवाळ्यात नवी मुंबईत तीन महिने मुक्काम करण्याचा प्रसंग आला, तेव्हा मुख्य चिंतेच्या जोडीला माझ्या मनात एक क्षुल्लक कुरकुरही होती. पुणे असते, वाई असती, निदान पैठण तरी असते! ज्या शहराची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली आणि जे उभारण्यासाठी 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, त्या शहरात मजसारख्याने पाहावे तरी काय?

बेलापुरास आम्ही बिऱ्हाड केले. आठवड्याचे पाच दिवस किरणोपचार असत. उरलेल्या दोन दिवसांत पत्नीला विश्रांती हवी असे आणि मला मात्र घरात बसवत नसे. माझी ती तगमग तिच्या ध्यानी आली असावी. एके रविवारी ती म्हणाली, “अहो, माझ्या उशाशी बसून घड्याळ काय पाहता? काही पाहण्यासारखे असेल तर पाहून या आणि मला सांगा.”

मी बेलापूरचा किल्ला पाहून आलो. किल्ला म्हणजे आता एक बुरूज, काही पडक्या भिंती आणि पुष्कळशी झाडी. तरीही माझी कळी खुलली. संध्याकाळी तिच्या खाटेशी बसून मी सारी वंशावळ सांगितली : सोळाव्या शतकात सिद्द्यांनी तो बांधला, 1682 साली पोर्तुगीजांनी घेतला, पुढे चिमाजी अप्पांच्या काळात तो मराठ्यांकडे आला आणि 1817 मध्ये इंग्रजांकडे गेला. किल्ला हाती आल्यास जवळच्या अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडले, ही आख्यायिकाही मी खुलवून सांगितली.

तिने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, “किल्ला याने घेतला, त्याने घेतला, हे कळले. पण मधल्या काळात तेथे राहत कोण होते?”

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी चष्मा पुसू लागलो.

पुढच्या शनिवारी मी बुरुजाकडे न जाता जुन्या गावठाणात गेलो. उंच इमारतींच्या मध्ये अरुंद गल्ल्यांचे हे गाव अद्याप आपला पाट मांडून बसले आहे. देवळाच्या पारावर एक वृद्ध आगरी गृहस्थ बसले होते. मी शेजारी टेकलो. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, एवढे पुस्तकी ज्ञान मजजवळ होते. बाकीचे त्यांनी दिले. खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून भातशेती कशी राखीत. बांधाला ‘उघाडी’ नावाची झडप असे, ती ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर जाई आणि भरतीला मिटून खारे पाणी अडवी. बांध फुटला तर रात्री-अपरात्री सारा गाव चिखलात उतरे. हे सांगताना त्यांचे हात हवेत चिखल थापीत होते.

मग ते 1984 वर आले. या नगरासाठी 95 गावांच्या जमिनी घेण्यास 1970 नंतर आरंभ झाला होता. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि त्या वर्षी 16 व 17 जानेवारीला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. वृद्धाच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्या इमारतीच्या दिशेने बोट दाखवून ते एवढेच म्हणाले, “मास्तर, तुम्ही राहता ना, तिथंच आमचा बांध होता.”

मी घरी आलो तो काहीसा खजील होऊनच. ज्या शहराला इतिहास नाही असे मी म्हणत होतो, त्याच्याच इतिहासावर मी रोज खाट टाकून निजत होतो! पत्नी बराच वेळ फरशीकडे पाहत राहिली. त्या रात्री आपल्या दुखण्याविषयी ती प्रथमच मोकळेपणाने बोलली. माझ्या ध्यानात आले की, तिलाही मी त्या किल्ल्यासारखेच वागवीत होतो : तपासणी अमुक तारखेला, अहवाल तमुक तारखेला. मधल्या काळात तेथे कोण राहत होते, हे मी विचारलेच नव्हते.

उपचार संपल्यावर, डॉक्टरांच्या अनुमतीने, आम्ही दोघे गेटवेवरून लाँचने घारापुरीला गेलो. डोली तिने नाकारली. शंभरांवर पायऱ्या ती दहा-दहाने थांबत चढली. सुमारे 18 फूट उंचीच्या त्या त्रिमुखी महेशमूर्तीसमोर आम्ही मुकाट्याने बसून राहिलो. लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, हे मी सांगितले नाही. उतरताना एका काकडीवालीपाशी थांबून मी विचारले, “बाई, तुमच्या गावात वीज कधी आली?” 2018 साली, असे तिने सांगितले. मुंबईचे दिवे पाण्यापलीकडे पिढ्यान्‌पिढ्या दिसत होते. येथे ते यायला इतकी वर्षे लागली.

पत्नीने मजकडे पाहिले आणि ती हसली. पुष्कळ दिवसांनी मी ते हसू पाहत होतो.

आता आम्ही आमच्या गावी परतलो आहोत. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीस जावयाचे आहे. निकाल काय लागेल हे आम्हांस ठाऊक नाही. मात्र त्या वेळी पाहावयाच्या स्थळांची यादी तिने आताच केली आहे. त्यात पहिल्या ओळीत लिहिले आहे : एखादी उघाडी.